एका मुलामागे किती? एका भागाकाराची उलटतपासणी

महापालिकेच्या शाळांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. शिक्षकांच्या खोलीत येतो, चाळीच्या गॅलरीत येतो, लोकलच्या डब्यातही येतो. "एका मुलामागे म्हणे वर्षाला लाखाच्या वर खर्च होतो. तेवढ्या पैशांत एखाद्या बऱ्या खासगी शाळेची फी भरून होईल. मग हा पैसा जातो तरी कुठे, आणि मुलांच्या पदरात पडते काय?"

प्रश्न रास्त आहे. पैसा लोकांचा आहे, तेव्हा हिशेब मागण्याचा हक्कही लोकांचा आहे. पण हा प्रश्न विचारणारे आणि त्याला उत्तर देणारे, दोघेही बहुधा एकाच आकड्यावर विसंबून असतात: एकूण खर्च भागिले एकूण मुले. हा भागाकार चौथीतले मूलही करील. त्यातून जे उत्तर येते त्याचा अर्थ लावणे मात्र तितके सोपे नाही. या लेखात आपण तो भागाकार जरा उलगडून पाहू या. उदाहरणासाठी आम्ही चिंचपोकळी आणि तिच्या आसपासचा गिरणगाव घेतला आहे. याचे कारण पुढे कळेलच.

आधी अंश पाहू. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शिक्षण खात्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचा होता. महापालिकेच्या शाळांतील मुले तीन ते साडेतीन लाखांच्या दरम्यान धरली, तर दरडोई आकडा सव्वा लाखाच्या आगेमागे येतो. चर्चेतला 'लाखाच्या वर' तो हाच.

पण अर्थसंकल्प म्हणजे करावयाच्या खर्चाचा अंदाज, प्रत्यक्ष झालेला खर्च नव्हे. दुसरे असे की या खात्याच्या रकमेतील प्रत्येक रुपया महापालिकेच्या वर्गखोलीत पोचतोच असे नाही. खासगी अनुदानित प्राथमिक शाळांना द्यावयाचे अनुदानही त्यातच असते. ती मुले मात्र आपण छेदात धरलेली नाहीत. इमारतींची दुरुस्ती आणि नवे बांधकाम हे पुढची तीस-चाळीस वर्षे वापरात राहणार असते, पण हिशेबात ते एकाच वर्षावर पडते. निवृत्त शिक्षकांचे वेतन त्याच खात्यात धरले असेल, तर तो तीस वर्षांपूर्वी शिकवलेल्या मुलांचा खर्च झाला. तो आजच्या मुलांच्या माथी मारून कसे चालेल?

खासगी शाळेची फी आणि हा दरडोई आकडा शेजारी शेजारी ठेवताना आणखी एक गोष्ट सुटते. फी म्हणजे पालकाने भरलेली रक्कम. शाळेचा पूर्ण खर्च नव्हे. ज्या अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो, तिची फी कमी असणारच. शिवाय गणवेश, वह्या, दप्तर, रिक्षा आणि शिकवणी हे सगळे फीच्या बाहेर असते. महापालिकेच्या शाळेत मात्र वह्या, दप्तर, बूट, छत्री अशा सत्तावीस वस्तूंची यादी शाळेच्याच खर्चात धरलेली असते. तराजूच्या एका पारड्यात पिशवीसकट भाजी आणि दुसऱ्यात नुसती भाजी, अशातला हा प्रकार.

तरीही या सगळ्या वजावटी करून जो आकडा उरतो तो लहान नसतोच, हे मान्य केले पाहिजे. वजाबाक्या करून प्रश्न उडवून लावावा असा आमचा हेतू नाही. खरी गंमत अंशात नसून छेदात आहे.

रिकाम्या होणाऱ्या शाळेचे गणित

मुंबईत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १९२५ साली एफ आणि जी या दोन वॉर्डांत झाली. परळ, शिवडी, वरळी हा कामगारवस्तीचा भाग त्यांत मोडत होता. चिंचपोकळी त्याला लागूनच. स्टेशनच्या पूर्वेला लालबाग-काळाचौकी, पश्चिमेला ना. म. जोशी मार्ग. हा रस्ता ज्यांच्या नावाचा आहे त्या नारायण मल्हार जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. या लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालवली. म्हणजे सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक खटपटीतून कामगारांच्या मुलांनी शिकावे, ही कल्पना या वस्तीला नवी नाही. दिवसपाळी-रातपाळीच्या भोंग्यांवर चालणाऱ्या या भागात एकेका खोलीत दहा-बारा माणसे राहत, आणि म्युनिसिपालटीच्या शाळांच्या तुकड्या दोन पाळ्यांत भरत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. अनेक कुटुंबे गावी परतली, अनेक जण खोली विकून कल्याण, विरार, नवी मुंबईकडे गेले. अपोलो, सिम्प्लेक्स यांसारख्या गिरण्यांच्या जागी उंच निवासी मनोरे उभे राहिले. या मनोऱ्यांतली मुले महापालिकेच्या शाळेत येत नाहीत. जे चाळीत राहिले त्यांतल्याही अनेकांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले. मुंबईभर महापालिकेच्या मराठी शाळांचा पट घसरला तो अशा कारणांनी, आणि गिरणगावात तर ही सगळी कारणे एकाच वेळी लागू पडली.

आता एक काल्पनिक शाळा घेऊ. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, कोणत्याही खऱ्या शाळेचे ते नाहीत. समजा, या शाळेत ६०० मुले आहेत आणि शिक्षण हक्क कायद्याच्या प्राथमिक वर्गांसाठीच्या प्रमाणानुसार, म्हणजे तीस मुलांमागे एक याप्रमाणे, २० शिक्षक आहेत. प्रत्येक शिक्षकाचा वर्षाचा पगार ८ लाख धरू. एकूण १६० लाख. इमारतीची देखभाल, पाणी, वीज, शिपाई, सफाई, मुख्याध्यापक यांचा खर्च ४० लाख. मुलांना मिळणाऱ्या वस्तू व इतर किरकोळ खर्च दर मुलामागे ५ हजार, म्हणजे ३० लाख. एकूण २३० लाख. भागिले ६००. दरडोई खर्च सुमारे ३८,३०० रुपये.

काही वर्षांनी पट २४० वर येतो. तीसच्या प्रमाणाने आठ शिक्षक पुरेत. पण मुले सात इयत्तांत विखुरलेली आहेत. एखाद्या इयत्तेत ४२, एखाद्या इयत्तेत १९. बेचाळीस मुलांच्या वर्गाचे दोन तुकडे करावे लागतात आणि एकोणीस मुलांनाही वेगळी खोली, वेगळा शिक्षक लागतोच. म्हणून शिक्षक १० राहतात: ८० लाख. इमारत तेवढीच, छपरातून गळणारे पाणीही तेवढेच. ४० लाख कायम. वस्तूंचे १२ लाख. एकूण १३२ लाख, भागिले २४०. दरडोई ५५,००० रुपये.

दरडोई खर्च ३८ हजारांवरून ५५ हजारांवर गेला, म्हणजे जवळजवळ ४४ टक्क्यांनी वाढला. या वाढीतून मुलाच्या हाती जादा काय पडले? तीच वही, तेच दप्तर, तीच खिचडी. वर्गात मुले थोडी कमी झाली, एवढाच काय तो फरक. शाळेचा एकूण खर्च तर ९८ लाखांनी घटला आहे. तरीही वर्तमानपत्रात मथळा येईल तो असा: 'मुलामागचा खर्च वाढला, मुले मात्र घटली.' वाचणाऱ्याला वाटते की पैसा ओतला तरी मुले पळाली. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. मुले गेली म्हणून दरडोई आकडा फुगला.

मुंबईत याला आणखी एक पदर आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. एकाच इमारतीत तीन-चार माध्यमांच्या वेगवेगळ्या शाळा भरणे ही नेहमीची गोष्ट. वर आपण सात इयत्तांचे गणित केले. माध्यमांनी त्याला पुन्हा गुणा. प्रत्येक माध्यमाला आपल्या प्रत्येक इयत्तेसाठी शिक्षक हवा. मातृभाषेतून शिकण्याची सोय हवी असेल तर तिची ही किंमत आहे. ती मोजावी की नाही, हा भागाकाराचा प्रश्न नाही. आमच्या मते ती मोजण्याजोगी आहे. पण ती 'गैरव्यवस्था' या सदरात लिहिली जाते, हे बरोबर नव्हे.

याच शाळेत उद्या तीस नवी मुले आली तर किती खर्च वाढेल? ती रिकाम्या बाकांवर विखरून बसली आणि नवा शिक्षक लागला नाही, तर फक्त वस्तूंचे दीड लाख. म्हणजे प्रत्येक नव्या मुलामागे ५ हजार. सरासरी खर्च ५५ हजार आणि पुढच्या मुलाचा खर्च ५ हजार! अर्थशास्त्रात पहिल्याला सरासरी खर्च आणि दुसऱ्याला सीमांत खर्च म्हणतात. शाळेबाबतचे जवळजवळ सगळे निर्णय दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असायला हवेत. तावातावाने वाद होतो तो पहिल्यावर.

शाळा बंद करून शेजारच्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो. कागदावर ५५ हजार गुणिले २४० वाचतील असे दिसते. खरे पाहता मुले तर राहणारच, त्यांना शिक्षक लागणारच. वाचतील ते फार तर इमारतीचे ४० लाख आणि एक-दोन शिक्षकांचे पगार. त्याच्या समोर काय ठेवायचे, तर पहिली-दुसरीच्या मुलांना ओलांडावा लागणारा डॉ. आंबेडकर मार्ग, आणि त्या रस्त्यापायी शाळा सोडणारी मुले. कधी विलीनीकरण योग्यही असते. एकोणीस मुलांच्या वर्गापेक्षा तीस मुलांचा वर्ग गजबजलेला आणि मुलांना हवासा असू शकतो. आमचे म्हणणे इतकेच, की हिशेब खऱ्या बचतीचा मांडावा.

पदरात काय पडले, हे कसे मोजायचे?

खर्चाची बाजू झाली. आता मिळकतीची. इथे बहुतेक जण दहावीच्या निकालाकडे बोट दाखवतात. तर तोच निकाल पाहू. महापालिकेच्या शाळांचा दहावीचा निकाल २०१९ साली ५३.१४ टक्के लागला आणि २०२० साली ९३.२५ टक्के. एका वर्षात चाळीस टक्क्यांची झेप! शिक्षक तेच, इमारती त्याच, खर्चही साधारण तोच. मग घडले काय? २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळांनी द्यावयाचे अंतर्गत गुण बंद केले होते. २०२० मध्ये ते परत आले. शिवाय टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. राज्याचा निकालही त्या दोन वर्षांत ७७.१० वरून ९५.३० वर गेला होता. महापालिकेच्या शाळांची झेप राज्याच्या झेपेपेक्षा मोठी होती, त्यात शिक्षकांच्या मेहनतीचाही वाटा असेल. पण मोजपट्टीच बदलल्यावर तो वाटा वेगळा काढता येत नाही.

इयत्ता आठवीत विज्ञान शिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. उष्णतामापी बदलला आणि पारा चढला, तर ताप वाढला असे आपण म्हणत नाही.

मोजपट्टी तीच ठेवली तरी एक अडचण उरते. समजा, 'क' या वर्गाला जूनमध्ये चाचणीत सरासरी ६२ गुण मिळाले आणि एप्रिलमध्ये तशाच चाचणीत ७०. 'ख' या वर्गाला जूनमध्ये २८ आणि एप्रिलमध्ये ४६. वार्षिक निकालाच्या यादीत 'क' वर आणि 'ख' खाली. पण शाळेने वर्षभरात भर घातली ती 'क' मध्ये ८ गुणांची आणि 'ख' मध्ये १८ गुणांची. मूल्यवर्धित कर आठवतो ना? व्यापाऱ्याने मालात जी भर घातली तेवढ्यावरच कर. शाळेचे मोल ठरवतानाही तोच न्याय लावायला हवा. वडील ठेक्यावर, आई घरकामाला, घर दहा बाय बाराचे आणि घरात वाचायला पुस्तक नाही, अशा मुलाला २८ वरून ४६ वर नेणारी शाळा निकालाच्या यादीत नापास ठरते. ज्या शाळेत मुले घरूनच ६२ गुण घेऊन येतात, ती उत्तम ठरते.

कवी नारायण सुर्वे याच गिरणगावातले. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी त्यांना वाढवले. पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि नंतर शिक्षक झाले. असे एखादे नाव घेऊन महापालिकेच्या शाळांची थोरवी सांगण्याचा मोह होतो, आणि सहावीतल्या वाचता न येणाऱ्या एखाद्या मुलाकडे बोट दाखवून त्यांना मोडीत काढण्याचाही. दोन्ही उदाहरणे खरी असतात. पण एकेकट्या उदाहरणाने सरासरी सिद्ध होत नाही.

जास्त पैशाने जास्त शिकणे होते का?

जगात या प्रश्नावर पन्नास-साठ वर्षे वाद चालू आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांहून अधिक मुलांची ती पाहणी होती. शाळेच्या साधनसामग्रीतील फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलांच्या गुणांशी जास्त संबंध दिसतो, असा तिचा निष्कर्ष. त्यानंतर एरिक हानुशेक यांनी अनेक अभ्यास तपासून, खर्च आणि गुण यांच्यात ठाम आणि सातत्याचा संबंध दिसत नाही असे मांडले. 'शाळेत पैसा ओतून उपयोग नाही' या वाक्याचा उगम तिथे आहे.

पण अशा पाहण्यांत एक फसगत दडलेली असते. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात दर रुग्णामागे सर्वांत जास्त खर्च अतिदक्षता विभागात होतो, आणि मृत्यूही तिथेच जास्त होतात. म्हणून काही खर्चामुळे माणसे दगावतात असे कोणी म्हणत नाही. ज्यांची अवस्था बिकट त्यांच्यावरच जास्त खर्च केला जातो, इतकाच त्याचा अर्थ. शाळांतही मागे पडलेल्या मुलांसाठी जादा पैसा दिला जातो. नुसती खर्चाची आणि गुणांची जोडी लावली, तर पैसा निरुपयोगी वाटणारच.

यातून वाट काढायची तर मुलांच्या गुणांशी संबंध नसलेल्या एखाद्या कारणाने खर्च वाढला असेल अशी जागा शोधायला हवी. अमेरिकेत १९७० नंतर अनेक राज्यांत न्यायालयांनी गरीब भागातील शाळांचा निधी वाढवायला लावला. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तिघांनी त्या मुलांचा ती मोठी होईपर्यंत माग काढला. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या बाराही वर्षांत दरवर्षी १० टक्के जास्त खर्च झाला, तर गरीब घरांतील मुले सरासरीने जवळजवळ अर्धे वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाई साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जास्त झाली. सुस्थितीतील मुलांवर परिणाम फारसा नव्हता. म्हणजे पैशाचा उपयोग होतो, आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याला जास्त होतो.

याच्या उलट इंडोनेशियाचे उदाहरण. तिथे २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचे मूळ वेतन जवळजवळ दुप्पट केले गेले. संशोधकांनी ३६० शाळांत चिठ्ठी टाकून काही शाळांतील शिक्षकांना ही वाढ आधी मिळेल अशी व्यवस्था केली. दोन-तीन वर्षांनी पाहिले, तर शिक्षक समाधानी होते, जोडधंदा करणे कमी झाले होते. मुलांच्या गुणांत मात्र फरक नव्हता. (हा परिच्छेद शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचू नये, अशी सूचना आमच्यातल्याच एका शिक्षकमित्राने केली आहे.) गंमत बाजूला ठेवली, तरी या प्रयोगातून एवढेच कळते की आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकाचा पगार वाढवून त्याची शिकवण्याची तऱ्हा लगेच बदलत नाही. चांगला पगार असला तर पुढे कोणत्या तरुण-तरुणी या पेशात येतील, हे दोन-तीन वर्षांत दिसणारे नव्हे.

मुंबईतला प्रयोग

पण आपल्याला इतक्या लांब जायचे कारण नाही. या विषयावरचा जगभर उल्लेखला जाणारा एक प्रयोग आपल्या महापालिकेच्याच शाळांत झाला. 'प्रथम' ही संस्था १९९४-९५ च्या सुमारास मुंबईत सुरू झाली. तिने 'बालसखी' नावाचा कार्यक्रम काढला. वस्तीतलीच दहावी-बारावी शिकलेली मुलगी घ्यायची, तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे. तिसरी-चौथीच्या वर्गातील मागे पडलेली पंधरा-वीस मुले तिने दिवसातले दोन तास वेगळी बसवायची आणि त्यांना अक्षरओळख, वाचन, अंकओळख, बेरीज-वजाबाकी यांपासून शिकवायचे. जिथे जागा मिळेल तिथे बसायचे, व्हरांडाही चालेल.

२००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि बडोदा येथे या कार्यक्रमाची परीक्षा घेतली. (बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचाच.) पद्धत साधी होती. कोणत्या शाळेला कोणत्या इयत्तेसाठी बालसखी मिळेल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. त्यामुळे दोन्ही गटांतील मुले सुरुवातीला सारखीच होती, आणि शेवटी जो फरक पडला तो बालसखीमुळेच, असे म्हणता आले. शेतात निम्म्या वाफ्यांना खत घालून पाहावे तसेच हे.

दुसऱ्या वर्षी बालसखी मिळालेल्या शाळांतील मुलांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. हे साध्या भाषेत असे: शंभर मुलांची गुणांप्रमाणे रांग लावली, तर मधोमध पन्नासाव्या जागी असलेले मूल एकसष्टाव्या जागेच्या आसपास पोचले. आणि खर्च? वर्षाला दर मुलामागे सव्वादोन डॉलर. त्या वेळच्या दराने शंभर रुपयांहून थोडे जास्त.

या प्रयोगातला आम्हाला सर्वांत बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. पंधरा-वीस मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्गात मुले कमी उरत. नियमित, प्रशिक्षित शिक्षकाला निम्मा दिवस लहान वर्ग मिळत होता. तरीही वर्गात मागे राहिलेल्या त्या मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. म्हणजे वर्ग लहान केल्याने जे साधले नाही ते अगदी कमी प्रशिक्षणाच्या मुलीने साधले. ती शिक्षकापेक्षा हुशार होती म्हणून नव्हे. तिला 'पोर्शन' पूर्ण करायचा नव्हता. मूल जिथे होते तिथून ती सुरू करू शकली. शिक्षकाला चौथीचे पुस्तक मार्चपर्यंत संपवायचे होते, आणि वर्गातल्या कित्येकांना दुसरीतलेही येत नव्हते. चूक शिक्षकाची म्हणण्यापेक्षा त्याच्याकडून आपण जे मागतो त्याची आहे.

यावरून 'शिक्षकांऐवजी बालसख्या नेमा, शंभर रुपयांत काम होते' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो दोन कारणांनी चुकीचा आहे. एक, शंभर रुपये हा सीमांत खर्च होता. इमारत, बाके, हजेरीपट, रोज शाळेत येणारी मुले, आणि उरलेला दिवस शिकवणारा शिक्षक यांवर आधीच खर्च झालेला होता. त्यावर शंभर रुपयांची फोडणी पडली. दुसरे, ही स्वस्ताई महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपयांवर राबणाऱ्या मुलींच्या जिवावर होती. तिला किमान वेतन दिले तर खर्च कितीतरी पट वाढेल. आणि तरीही, गणित करून पाहा, तो स्वस्तच पडेल. आणखी एक गोष्ट लपवू नये: कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मुलांची आघाडी बरीच ओसरली होती. पुरती गेली नव्हती, पण पहिल्याइतकी राहिली नव्हती. एकदा लस टोचली की झाले, असे शिकण्याचे नाही.

वस्तूंच्या वाटपाबद्दलही असाच एक धडा केनियातून मिळाला. तिथल्या शाळांना चिठ्ठ्या टाकून पाठ्यपुस्तके दिली गेली. सरासरी गुण वाढले नाहीत. फक्त आधीच पुढे असलेल्या मुलांचे वाढले. पुस्तके इंग्रजीत होती, आणि बहुतेक मुलांना ती वाचताच येत नव्हती. महापालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांना टॅब दिले. या किंवा अशा कोणत्याही वाटपाविषयी पहिला प्रश्न 'किती वाटले' हा नसून 'कोणत्या मुलाला ते वापरता आले' हा असायला हवा.

आणि मुंबईत असा प्रश्न तपासण्याची आयती संधी आहे. २०२०-२१ पासून महापालिकेने मुंबई पब्लिक स्कूल या नावाखाली सीबीएसई आणि आयसीएसई मंडळांच्या शाळा सुरू केल्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तेव्हा सोडत काढून प्रवेश दिले गेले. सोडत म्हणजे बालसखीच्या प्रयोगातली चिठ्ठीच. नाव लागलेली आणि न लागलेली मुले एकाच प्रकारच्या घरांतली, सारख्याच हौसेच्या पालकांची. पाच वर्षांनी दोन्ही गटांचे वाचन आणि गणित एकाच चाचणीने पाहिले, तर या नव्या शाळांवर केलेल्या खर्चाचे मोल बरेचसे कळेल. नाव न लागलेल्यांची यादी तेवढी जपून ठेवायला हवी.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सगळे संशोधकांनी करायचे, असे मुळीच नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून पाहा: अक्षरे ओळखतो का, शब्द वाचतो का, चार ओळींचा परिच्छेद वाचतो का, गोष्ट वाचून सांगतो का. गणितात अंक, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. एका वहीत नावापुढे पायरीचा क्रमांक टाका. दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये तीच तपासणी पुन्हा करा. मजकूर बदला, पण अवघडपणा तेवढाच ठेवा. तपासणी शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाने केली तर अधिक बरे. आपल्या मुलांना आपण नकळत ढील देतो.

दोन सावधगिऱ्या. जूनमध्ये सर्वांत खाली असलेली मुलेच तेवढी निवडून त्यांची प्रगती मोजली, तर काहीही न करता ती थोडी वर आलेली दिसतील. फलंदाज एका डावात शून्यावर बाद झाला की पुढच्या डावात त्याची धावसंख्या बहुधा वाढतेच, मग प्रशिक्षकाने काही शिकवलेले असो वा नसो. त्या दिवशी ताप असलेले, बुजलेले, रात्री झोप न झालेले मूल जूनच्या तपासणीत खाली जाते आणि पुढच्या वेळी आपोआप वर येते. म्हणून संपूर्ण वर्गाची तपासणी करावी आणि जमल्यास शेजारच्या तुकडीशी ताडून पाहावी.

दुसरी सावधगिरी गिरणगावासारख्या वस्तीत जास्त लागू आहे. वर्षात काही मुले गावी जातात, काहींच्या चाळीचे पुनर्बांधणीचे काम निघते आणि ती संक्रमण शिबिरात जातात, काही नुसतीच येईनाशी होतात. एप्रिलमध्ये उरलेल्या मुलांचीच सरासरी काढली तर ती चांगली येते, कारण गळालेली मुले बहुधा खालच्या पायऱ्यांवरची असतात. तेव्हा पटावरून नाव कमी झाले तरी वहीतली ती ओळ खोडू नका. नावापुढे 'कुठे गेला' एवढे लिहून ठेवा, आणि चाळीत चौकशी करून समजले तर पत्ताही.